उभ्या पावसाची छत्री

पावसाळी ट्रेकला काय काय आणायचं याची यादी आली की तिच्यात रेनकोट किंवा पोंचो हमखास असतो, सॅकचं कव्हर असतं, कपड्यांचा जादा जोड असतो. छत्री सहसा नसते. काही याद्यांत तर ‘छत्री आणू नये’ अशी वेगळी तळटीप असते. आणि त्याच डोंगराच्या कुशीतल्या वाडीतला माणूस बाजाराला निघतो तेव्हा त्याच्याकडे लांब दांड्याची काळी छत्री असते. पाऊस थांबला की तो तिची वाकडी मूठ सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवतो आणि दोन्ही हात मोकळे सोडून चालू लागतो. आपण वर्षातून एकदा जातो त्या वाटेनं तो दर आठवड्याला जातो. त्याचं चुकतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. यादी करणाऱ्यांचंही पुरतं चुकत नाही. दोघांचा पाऊस वेगळा आहे, इतकंच.

यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो माथा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तिथे हात गुंतवणं धोक्याचं आणि वाऱ्यात छत्री उघडणं त्याहून धोक्याचं. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळ कावळेसादला तर दरीतून उसळणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. पाऊसच खालून येत असेल तर डोक्यावर काय धरणार? पण ट्रेकचा किती वेळ माथ्यावर जातो याचा हिशेब करून पाहा. पायथ्याच्या गावातून निघायचं, भातखाचरांच्या बांधांवरून रानात शिरायचं, दोन-तीन तास चढायचं, वर तासभर काढायचा आणि पुन्हा तेवढंच उतरायचं. दिवसाचा मोठा भाग झाडीत किंवा झाडीच्या आडोशाला जातो. छत्री निवडायची ती या भागासाठी. माथ्यावर ती बंद करून सॅकमध्ये जाणार हे आधीच धरून चाललं की दुकानात काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं हे बरंचसं सुटतं.

रेनकोट असताना छत्री हवीच कशाला, असं विचारणाऱ्यानं जुलैत रेनकोट घालून खांडसहून गणेशघाटानं भीमाशंकर चढावं. अर्ध्या तासात बाहेरून जेवढा भिजला नसेल तेवढा तो आतून भिजेल. खड्या चढावर धडधाकट माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटात तो जिरायला जागाच नसते. महागडं जाकीट घेतलं तर त्याच्या लेबलवर ‘कापड श्वास घेतं’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे.

या जाकिटाच्या थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बॉब गोअर यांना पीटीएफई हे प्लॅस्टिक झटक्यात ताणून असा सच्छिद्र पडदा बनवण्याची युक्ती सापडली; तेच पुढे गोअर-टेक्स झालं. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, वाफ मात्र बाहेर जाऊ शकते. ‘जाऊ शकते’ यातच गोम आहे. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच वाफ बाहेर ढकलली जाते. घामेजलेल्या त्वचेचं तापमान 35 अंश धरलं तर तिथला बाष्पदाब सुमारे 5.6 किलोपास्कल भरतो. आल्प्समध्ये 5 अंशांच्या पावसात हवा पूर्ण दमट असली तरी तिचा बाष्पदाब जेमतेम 0.9. फरक पावणेपाचच्या घरात, म्हणून वाफ जोरात बाहेर पडते. सह्याद्रीत जुलैत 24 अंशांना हवा तितकीच दमट असते तेव्हा बाहेरचा दाब 3 किलोपास्कलपर्यंत चढलेला असतो. फरक उरला 2.6, आल्प्सच्या निम्म्याहून थोडाच जास्त. त्यातून तासन्‌तासाच्या पावसानं जाकिटाचं बाहेरचं कापड चिंब झालं की तीही वाट जवळजवळ बंद होते. थंड देशात नावाजलेलं जाकीट इथे घामाची पिशवी होतं, यात जाकिटाचा दोष नाही. ते या हवेसाठी केलेलंच नसतं.

छत्रीखाली अंगाभोवती हवा खेळती राहते, त्यामुळे हा सगळा प्रश्नच येत नाही. भातलावणी करणाऱ्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं आणि पुढून उघडं राहतं. पाठ कोरडी, दोन्ही हात चिखलात मोकळे आणि अंगाला वारा. पण ते ओणव्या माणसाचं साधन आहे. उभ्यानं चढणाऱ्याला, झाडीतून वाट काढणाऱ्याला ते पेलत नाही.

छत्रीचा आणखी एक फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही. जाकिटाची टोपी डोक्यावर ओढली की बाजूचं दिसत नाही आणि कापडावर थेंब तडतडत असल्यानं ऐकूही नीट येत नाही. घळीतून चढताना वरच्यानं ‘दगड!’ म्हणून ओरडलं तर ते ऐकू येणं फार गरजेचं असतं. शिवाय ज्याला मध्येच थांबून बेडूक, आमरी किंवा पक्षी बघायचा आहे, वहीत टिपण करायचं आहे, कॅमेरा बाहेर काढायचा आहे, त्याच्यासाठी छत्रीसारखं चालतं-फिरतं छप्पर दुसरं नाही.

आता पाऊस. ‘जोराचा पाऊस असेल तर छत्री काय कामाची’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खरी गोष्ट जवळजवळ उलट आहे. थेंब जितका मोठा तितका तो वेगानं पडतो. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगानं खाली येतो, एक मिलिमीटरचा चार मीटरनं आणि भुरभुरीतला अर्ध्या मिलिमीटरचा फक्त दोन मीटरनं. वारा मात्र सगळ्यांना सारखाच आडवा ढकलतो. ताशी 15 किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला सव्वाचार मीटर. तुमची छत्री 90 सेंटिमीटर व्यासाची असेल तर तिची कड अंगापुढे 45 सेंटिमीटरवर येते. या वाऱ्यात दोन मिलिमीटरचे थेंब कडेखालून तिरपे येऊन कडेच्या पातळीपासून सुमारे 70 सेंटिमीटर खाली अंगाला लागतात, म्हणजे कमरेच्या आसपास. एक मिलिमीटरचे छातीवर. भुरभुरीचे थेट हनुवटीखाली. वारा नसेल आणि आपण ताशी चार किलोमीटरनं चालत असू, तर मोठ्या थेंबांच्या सरीत पावलं सोडून बाकी सगळं कोरडं राहतं.

म्हणजे छत्रीची खरी वैरीण मुसळधार सर नाही. पठारावर धुक्याबरोबर आडवी वाहणारी बारीक भुरभुर ही तिची वैरीण. अशा हवेत छत्री मिटून जाकीट चढवावं, वाद घालू नये. जंगलात याच्या उलट. झाडांमुळे वारा पडतो, आणि पानांच्या टोकांवर पाणी जमून जे थेंब गळतात ते पावसाच्या थेंबांपेक्षा टपोरे असतात, सरळ खाली पडतात. पाऊस थांबल्यावरही तासभर झाडं गळत राहतात. छत्रीसाठी याहून सोयीचा पाऊस नाही.

वाऱ्याचा हिशेबही एकदा मांडून ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मीटरभर व्यासाच्या छत्रीच्या पोटात ताशी 20 किलोमीटरचा वारा भरला तर हाताला दोनेक किलोचा ओढा जाणवतो. वेग दुप्पट, 40 झाला की ओढा चौपट, सात-साडेसात किलो. 60 ला सोळा-सतरा किलो. कड्याच्या काठावर कुणी तेवढ्या जोरानं हात ओढला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. पण तोच वारा छत्रीच्या पाठीवर घेतला तर जोर कितीतरी कमी होतो. वेधशाळेतलं वाट्यांचं वायुवेगमापक याच फरकावर फिरतं: वाटीच्या पोटाला वारा जास्त ढकलतो, पाठीला कमी. म्हणून छत्रीची पाठ नेहमी वाऱ्याकडे आणि कड खाली. खोल घुमटाची छत्री यात उथळ छत्रीपेक्षा बरी. ती खांद्यापर्यंत उतरते आणि कडेखाली वारा शिरायला वाव कमी ठेवते. बाजारातल्या अनेक घडीच्या छत्र्या उघडल्यावर तव्यासारख्या सपाट दिसतात. त्या पहिल्या झोतात उलट्या होतात.

आता दुकानाकडे वळू. दुकानदाराला ‘ट्रेकसाठी हलकी छत्री’ म्हणून विचारलं की तो बहुधा सगळ्यात छोटी होणारी छत्री पुढे करतो. इथेच गल्लत होते. हलकी असणं आणि छोटी होणं हे दोन वेगळे गुण आहेत आणि बऱ्याचदा ते एकमेकांच्या आड येतात.

घडीची छत्री करण्याचा खटाटोप जुना आहे. 1852 मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युएल फॉक्स यांनी पन्हळीच्या आकाराच्या पोलादी काड्या आणल्या आणि देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांच्या जड काड्या मागे पडल्या. पण छत्री लांबच राहिली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस हान्स हाउप्ट या जर्मन गृहस्थांनी आत सरकणाऱ्या दांड्याची, खिशात मावेल अशी छत्री केली. युद्धातल्या जखमेमुळे त्यांना काठी घेऊन चालावं लागे. काठी आणि लांब छत्री दोन्ही सांभाळणं जड जाई. ‘क्निर्प्स’ या नावानं ती जगभर गेली. आज आपण टू फोल्ड, थ्री फोल्ड, फाइव्ह फोल्ड म्हणतो त्या सगळ्या तिच्याच वंशातल्या.

घडीची किंमत मोजावी लागते ती सांध्यांत. प्रत्येक घडीसाठी प्रत्येक काडीला एक सांधा, आणि सांधा म्हटला की रिवेट आलं, छोटी पट्टी आली, थोडं ढिलेपण आलं. आठ काड्यांच्या थ्री फोल्डमध्ये असे कितीतरी सांधे होतात. दांडाही तीन नळ्या एकात एक सरकवून केलेला असतो, त्यामुळे तो बाजूच्या जोरानं लचकतो. छत्री मोडते ती जवळजवळ नेहमी सांध्यावर. हे सगळं जमवून छत्री स्वस्तही ठेवायची तर पोलाद वापरावं लागतं आणि रस्त्यावरची साधी थ्री फोल्ड साडेतीनशे-चारशे ग्रॅमपर्यंत जाते. उलट जर्मनीत उल्म शहरातल्या युरोशिर्म कंपनीची स्विंग लाइटफ्लेक्स ही छत्री अजिबात घडी होत नाही, बंद केली तरी साठ सेंटिमीटरहून लांब राहते, आणि वजन मात्र सुमारे 210 ग्रॅम. सांधे नाहीत, दांडा आणि काड्या फायबरग्लासच्या. सॅकच्या बाजूच्या खिशात ती पाण्याच्या बाटलीशेजारी उभी राहते.

घडीची आणि तरीही अतिहलकी छत्री मिळत नाही असं नाही. जपानी कंपन्या यात वाकबगार आहेत. स्नो पीकची घडीची छत्री 135 ग्रॅमची आहे, आणि पाचच काड्यांच्या, शंभर ग्रॅमहून हलक्या छत्र्याही तिथे निघाल्या. पण वजन कुठून कमी झालं ते पाहावं: काड्या कमी, दांडा बारीक, कापड पातळ, घेर लहान. टोकियोत स्टेशनपासून कचेरीपर्यंत जायला ती उत्तम. घाटमाथ्यावर वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस कोसळतो. तिथे ती ‘असू दे सॅकमध्ये’ या वर्गात बसते. माझ्या मते सह्याद्रीसाठी पहिली पसंती न दुमडणाऱ्या, फायबरग्लासच्या, दोनशे ते तीनशे ग्रॅमच्या छत्रीला. ती लोकलमध्ये, एसटीत अडचणीची वाटत असेल तर टू फोल्ड. थ्री फोल्ड चालेल, पण काड्या फायबरग्लासच्या असतील तरच. फाइव्ह फोल्ड पर्समध्ये शोभते, तिथेच राहू द्यावी.

काडीचं साहित्य ही वजनापेक्षा महत्त्वाची बाब आहे. पोलाद मजबूत, पण जड, आणि त्यावरचा मुलामा खरवडला की गंजतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. ॲल्युमिनियम हलकं, पण एकदा वाकलं की सरळ होत नाही, सरळ करायला गेलं की तुटतं. फायबरग्लास वाकतं आणि परत येतं, म्हणून उलटी झालेली छत्रीही सुखरूप राहू शकते. कार्बन फायबर सगळ्यात हलकं आणि ताठ, पण त्याला झोत पचवून लवणं फारसं जमत नाही. सहनशक्ती संपली की काडी सरळ मोडते. अनेक मध्यम किमतीच्या छत्र्यांत आतली काडी ॲल्युमिनियमची आणि बाहेरचं टोक फायबरग्लासचं असतं. हा सौदा वाईट नाही, कारण जास्त लवणं टोकालाच लागतं.

कापड पाहताना लेबलवर ‘190 टी पाँजी’ असं काहीसं दिसेल. पाँजी हे बारीक विणीचं पॉलिएस्टर, आणि टी म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे. नायलॉन हलकं आणि चिवट असतं, पण पाणी शोषून किंचित सैल पडतं. पॉलिएस्टर ताठ राहतं. झाडीतून जायचं असेल तर मी अतिपातळ कापड टाळेन. ऑगस्टमध्ये कारवी वाटेवर दोन्ही बाजूंनी झुकलेली असते, तिचं खरखरीत अंग कापडाला घासत राहतं. करवंदीच्या जाळीत तर पातळ कापडाला एका क्षणात भोक पडतं. दुहेरी कापडाच्या, वरून वारा निसटायला फट ठेवलेल्या छत्र्या मिळतात. त्या लवकर उलटत नाहीत, पण वजन वाढतं आणि आडव्या पावसात फटीतून तुषार येतात. झाडीसाठी एकेरी कापड पुरे.

मापाच्या बाबतीत सावध राहावं. आपल्याकडे दुकानात छत्री ‘21 इंची’, ‘23 इंची’ म्हणून विकतात. ते माप घेराचं नसतं, काडीच्या लांबीचं असतं. 21 इंची छत्री उघडल्यावर कडेपासून कडेपर्यंत साधारण 95 ते 98 सेंटिमीटर भरते, घुमट जितका खोल तितकी कमी. परदेशी बनावटीच्या छत्रीवर कधी व्यास लिहिलेला असतो, कधी घुमटावरून टेप फिरवून मोजलेली कमान. ती नेहमी मोठी दिसते. दुकानात उघडून टेप आडवी धरणं सगळ्यात बरं. 95 ते 105 सेंटिमीटर व्यास एका माणसाला आणि त्याच्या खांद्यांना पुरतो. सॅक मात्र पाठीमागे बाहेर राहते आणि छत्रीच्या मागच्या कडेचं पाणी नेमकं तिच्यावर गळतं. त्यासाठी घेर वाढवत नेण्यापेक्षा सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सामान तिच्यात भरावं. घेर वाढला की वाऱ्याचा ओढा वाढतो, झाडीत अडकणं वाढतं, आणि एकेरी पायवाटेवर मागच्याच्या डोळ्यांना काड्यांची टोकं लागायचा धोकाही.

बटण दाबताच उघडणारी आणि मिटणारी छत्री घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आत स्प्रिंग आली की वजन आलं, आणि चिखल-वाळूनं ती अडकली की डोंगरात दुरुस्ती नाही. हातानं उघडायची छत्री सर्वांत टिकाऊ. मूठ बघताना ओल्या हातात ती घसरत नाही ना आणि तिला मनगटात अडकवायची दोरी आहे ना हे पाहावं. वाकडी मूठ शहरी ट्रेकरला जुनाट वाटते, पण कॉलरला, फांदीला, सॅकच्या पट्ट्याला अडकवायला तिच्यासारखी सोय नाही.

हात मोकळे ठेवण्याचा प्रश्न पाश्चात्त्य देशांतल्या लांब पल्ल्याच्या भटक्यांनी बराच सोडवला आहे. त्यातलं मोठं नाव रे जार्डिन. प्रस्तरारोहण करणारे या नावाला ओळखतात, कारण कातळातल्या भेगेत बसवायचं ‘फ्रेंड’ हे साधन त्यांचंच. पुढे ते अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलकडे वळले. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंतची ही वाट सव्वाचार हजार किलोमीटरहून थोडी लांब आहे. 1990 च्या दशकातल्या त्यांच्या पुस्तकांनी पाठीवरचं ओझं कमी करण्याची चळवळच उभी केली, आणि त्यांच्या सामानात छत्री होती. गंमत म्हणजे तिचा मोठा उपयोग उन्हासाठी होता. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी टप्प्यात झाड नाही, सावली नाही. जार्डिन छत्रीवर चकचकीत परावर्तक कापड चढवून सावली सोबत घेऊन चालत. आज बाहेरून चंदेरी मुलामा दिलेल्या ट्रेकिंग छत्र्या मिळतात त्या याच कल्पनेतून आल्या. त्यांच्याबरोबर छत्रीचा दांडा सॅकच्या पट्ट्याला बांधायच्या क्लिपाही मिळतात.

उन्हाची ही बाजू आपल्यालाही लागू आहे. मार्च ते मे या काळात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात उघड्या धारेवरून चालताना चंदेरी छत्री टोपीपेक्षा कितीतरी जास्त आराम देते, कारण सावली डोक्यापुरती न राहता खांद्यांवर, पाठीवर येते. भर दुपारी निरभ्र आकाशात चौरस मीटरला सुमारे हजार वॅट इतकी ऊर्जा अंगावर पडत असते. यूपीएफ 50 लिहिलेलं कापड अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आत येऊ देतं. पावसाळा आणि उन्हाळा दोन्हींसाठी एकच छत्री घ्यायची असेल तर चंदेरी घ्यावी. फक्त पावसासाठी असेल तर भडक रंगाची, म्हणजे धुक्यात मागच्यांना पुढचा दिसतो.

दांडा सॅकला बांधून हात मोकळे करण्याची सोय रुंद, सपाट वाटेवर, बैलगाडीच्या रस्त्यावर छान चालते. घाटवाटेवर मात्र जपून. बांधलेली छत्री वाऱ्याचा झोत आल्यावर वळवता येत नाही, सोडून देता येत नाही, आणि तिचा सगळा ओढा सॅकमधून आपल्या तोलावर येतो. शिडी, कातळटप्पा, ओढा ओलांडणं, निसरडा उतार यांच्या आधी थांबून छत्री मिटायची, ठेवायची आणि मगच पुढे जायचं. म्हणूनच छत्री एका हातानं झटकन मिटणं हा गुण मी वजनाच्या वर ठेवतो. थ्री फोल्ड मिटायला दोन हात लागतात आणि मागाहून काड्या एकेक करून बसवाव्या लागतात. तोवर पुढची मंडळी निघून जातात.

विजेचा कडकडाट सुरू झाला तर उघड्या पठारावर छत्री डोक्यावर धरू नये. पोलाद, ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर तिन्ही वीजवाहक आहेत. फायबरग्लास नाही, पण मोकळ्या माळावर आपण अधिक उंच दिसतो ते दिसतोच. महाराष्ट्रात असं गडगडाटी वादळ भर जुलैपेक्षा मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात जास्त होतं, म्हणजे नेमकं ट्रेकची गर्दी सुरू होते आणि संपते तेव्हा.

घेण्यापूर्वी दुकानात तिचा थोडा छळ करावा. चार-पाचदा उघडून मिटावी, सरकती कडी मध्येच अडते का पाहावं. उघडी धरून दांडा किंचित पिळावा. घुमट दांड्याभोवती डुलत असेल तर सांधे ढिले आहेत. कापड उजेडाकडे धरून शिवणीची भोकं मोठी दिसतात का बघावं. मग प्रत्येक काडीच्या टोकाची टोपी तपासावी. स्वस्त छत्रीत काडीआधी तुटतो तो टोपीशी कापड बांधणारा दोरा, आणि एक टोक सुटलं की बाकीच्यांवर ताण येतो. सॅकमध्ये सुई आणि जाड दोरा ठेवला तर हे काम दगडावर बसूनही होतं.

छत्री उलटी झालीच तर काड्या हातानं ढकलू नयेत. दांड्यावरची कडी खाली ओढून ती मिटायला घ्यावी, काड्या आपोआप जागेवर येतात, मग पाठ वाऱ्याकडे करून पुन्हा उघडावी. घरी आल्यावर सावलीत उघडी वाळवावी. ओली छत्री म्यानात गुंडाळून ठेवली की कापडाला बुरशी धरते आणि आतला पाणीरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो. सांध्यांना मोसमातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरतो.

देशी की परदेशी, हा प्रश्न शेवटी येतोच. केरळातलं अलप्पुळा हे छत्र्यांचं गाव. पॉपी आणि जॉन्स या एकाच घराण्यातून आलेल्या दोन नावाजलेल्या छत्र्या तिथल्याच. मुंबईत एब्राहिम करीम ही पेढी 1860 पासून छत्र्या करते. पाचशे-हजार रुपयांत फायबरग्लासच्या काड्यांची चांगली देशी छत्री मिळते. तिचं वजन परदेशी ट्रेकिंग छत्रीपेक्षा शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरेल, तेवढं पाण्याच्या बाटलीतलं पाणी दोनदा प्यायलं की कमी होतं. आणि मे महिन्याच्या अखेरीस बाजारपेठेच्या कोपऱ्यावर छत्री दुरुस्तीवाले बसतात, त्यांच्या पेटीत तिच्या मापाची काडी असते. परदेशी छत्रीची कार्बनची काडी तुटली तर सुटा भाग कंपनीकडून मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत बहुधा पाऊस ओसरलेला असतो.